ए-लेव्हलला इतिहास: तिसऱ्या विषयाचा प्रश्न

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा संपली की पुढची दोन वर्षे ए-लेव्हलची असतात. ती शाळेच्याच सिक्स्थ फॉर्ममध्ये काढता येतात, किंवा सोळा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठीच्या स्वतंत्र सिक्स्थ फॉर्म कॉलेजात. केंब्रिजचे हिल्स रोड आणि विंचेस्टरचे पीटर सायमंड्स ही त्यांतली नावाजलेली कॉलेजे. विद्यार्थी साधारणपणे तीनच विषय घेतो. तीनच असल्यामुळे प्रत्येकावर घरात खल होतो, आणि इतिहासाचे नाव निघाले की मराठी आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्यात स्कोप काय?

या प्रश्नामागे महाराष्ट्रातल्या दहावीची आठवण असते. तिथे दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा वाटा फुटतात आणि इतिहास म्हणजे आर्ट्स, आर्ट्स म्हणजे कमी मार्कांची सोय, असा समज पक्का बसलेला असतो. इंग्लंडमध्ये शाखा नाहीतच. कॉलेजचे वेळापत्रक जमत असेल तर गणित, रसायनशास्त्र आणि इतिहास असे तीन विषय एकत्र घेण्यात काही वावगे नाही. इतिहास घेतल्याने विज्ञानाचा दरवाजा बंद होत नाही. तो बंद होतो आवश्यक विज्ञान विषय सोडल्याने.

आवश्यक विषयांची यादी पालकांना वाटते त्यापेक्षा बरीच आखूड आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी रसायनशास्त्र आणि बहुतेक ठिकाणी जीवशास्त्र लागते, इंजिनिअरिंगला गणित आणि भौतिकशास्त्र. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या ठिकाणी अर्थशास्त्राच्या पदवीला गणित हवे, ए-लेव्हलचे अर्थशास्त्र नसले तरी चालते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि इम्पीरियललाही कम्प्युटर सायन्सच्या पदवीसाठी गणित अनिवार्य आहे, कम्प्युटर सायन्स नाही. कायद्याच्या पदवीला ए-लेव्हलचा लॉ लागत नाही. म्हणजे मुलाने पुढे काय व्हायचे ते घरात ठरलेले असले, तरी एक जागा बहुधा मोकळी राहते. ती जागा पदवीच्या नावाशी जुळणाऱ्या विषयाने भरण्याची फॅशन आहे. घरात आयटीतली नोकरी असली की कम्प्युटर सायन्स, मूल बोलके असले की लॉ. ज्याला या विषयांची खरी आवड आहे त्याने ते जरूर घ्यावेत. इतरांच्या बाबतीत ही निवड भीतीपोटी झालेली असते. गंमत अशी की रसेल ग्रुप या विद्यापीठांच्या गटाने विद्यापीठप्रवेशाला उपयोगी विषयांची जी यादी 2019 पर्यंत चालवली, तीत लॉ नव्हता, कम्प्युटर सायन्स नव्हते, इतिहास होता.

इतिहास म्हणजे पाठांतर, हा दुसरा गैरसमज. एक्यूए, ओसीआर आणि पिअरसन एडेक्सेल ही प्रमुख परीक्षा मंडळे. कोणतेही मंडळ असले तरी 80 टक्के गुण लेखी परीक्षेला आणि 20 टक्के विद्यार्थ्याच्या स्वतंत्र संशोधन-निबंधाला असतात. एकूण अभ्यासात किमान पाचवा हिस्सा ब्रिटनच्या इतिहासाचा आणि आवाका किमान 200 वर्षांचा लागतो. एक्यूएच्या पहिल्या पेपरात इतिहासकारांचे तीन उतारे देऊन त्यांची मांडणी कितपत पटते ते विचारतात. दुसऱ्यात मूळ कागदपत्रे देऊन इतिहासकाराच्या दृष्टीने त्यांचे मोल जोखायला सांगतात. बाकी सगळे निबंध. 'टीपा लिहा' आणि 'कारणे द्या' यांवर वाढलेल्या पालकाला या प्रश्नपत्रिकेत ओळखीचे फारसे काही सापडणार नाही. सनावळी पाठ असून युक्तिवाद करता येत नसेल, तर गुण मिळत नाहीत.

मराठी वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाताशी एक संधी असते, तिच्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही: संशोधन-निबंध. एक्यूएमध्ये तो 3500 ते 4500 शब्दांचा असतो, सुमारे शंभर वर्षांच्या पटावर मांडावा लागतो, आणि त्यात मूळ साधने व इतिहासकारांची वेगवेगळी मते तपासावी लागतात. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यापासून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत मुंबई इलाख्यात इंग्रजी सत्तेला झालेला विरोध हा विषय या मापात नेमका बसतो. 1875 च्या दख्खनमधल्या दंग्यांवरचा सरकारी आयोगाचा अहवाल, जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आणि 'केसरी'तले लेख शेजारी ठेवले, की सावकार, सरकार आणि शेतकरी यांच्याबद्दल तीन वेगळी उत्तरे समोर येतात. त्यांतली दोन साधने मूळ भाषेत वाचणारा विद्यार्थी वर्गात बहुधा एकटाच असेल. अट एकच: निबंधाचा विषय परीक्षेच्या अभ्यासक्रमाशी जुळता चालत नाही. कॉलेजात 1857 ते 1967 चे ब्रिटिश साम्राज्य शिकवत असतील, तर ही वाट बंद. ट्यूडर घराणे आणि रशिया शिकवत असतील, तर शिक्षकांच्या संमतीने मोकळी. शिवाजी महाराज शिकायला मिळतील या आशेने इतिहासाचा आग्रह धरणारेही काही पालक असतात. त्यांनी कॉलेजची विषयपत्रिका आधी पाहावी.

नोकरीचे म्हणाल, तर ए-लेव्हलला इतिहास घेणे म्हणजे इतिहासाची पदवी घेणे नव्हे. आणि पदवी इतिहासाची घेतली तरी सॉलिसिटर होता येते: 2021 पासूनची एसक्यूई परीक्षा कोणत्याही विषयाच्या पदवीधराला खुली आहे. सरकारी सेवा, पत्रकारिता, शिक्षण, संग्रहालये हे मार्ग माहितीचेच आहेत. 1997 पासून दहा वर्षे ब्रिटनचे अर्थखाते सांभाळणारे आणि नंतर पंतप्रधान झालेले गॉर्डन ब्राउन यांची डॉक्टरेट इतिहासातली आहे.

इतिहास कोणी घेऊ नये, हेही स्पष्ट असावे. ज्याला वाचनाचा कंटाळा आहे त्याने घेऊ नये. इंग्रजी साहित्य आणि राजकारण यांच्या जोडीला घेणाऱ्याने तिन्ही विषयांच्या निबंधांचा बोजा आधी मोजावा. वैद्यकीय प्रवेशासाठी तीन ए लागत असतील आणि इतिहासात बी मिळण्याची शक्यता असेल, तर आवड बाजूला ठेवावी लागते. पण हाच हिशेब पालकांनाही लागू आहे. विद्यापीठाची ऑफर प्रामुख्याने ग्रेडवर असते, विषयाच्या रुबाबावर नाही. मुलाला झेपत नसताना फर्दर मॅथ्स घ्यायला लावून डी पदरात पाडून घेणे ही महत्त्वाकांक्षा नव्हे, ते नुकसान आहे. आणि ते मुलाचे असते, पालकांचे नव्हे.

जीसीएसईचे निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात लागतात आणि प्रवेश लगेच पक्के होतात. इतिहासासाठी अनेक कॉलेजे इतिहासात किंवा इंग्रजीत ठरावीक ग्रेड मागतात. जीसीएसईला इतिहास नसला तरी काही ठिकाणी चालते. कोणते मंडळ, कोणते कालखंड आणि संशोधन-निबंधाचा विषय निवडण्याची मोकळीक किती, हे तीन प्रश्न प्रवेशाआधी विचारावेत. निवड चुकल्याचे जाणवल्यास सप्टेंबरच्या पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक कॉलेजे विषय बदलू देतात, त्यानंतर मात्र बुडालेला अभ्यास भरून काढणे अवघड होते.