पट्टी कुणाच्या हाती

लेकरांनो, घरातलं कुणी मटक्याच्या, तिरटाच्या नाहीतर मोबाईलवरच्या रमीच्या नादी लागलं असेल, तर घटकाभर माझ्याजवळ बसा. धर्माबादेत अशी घरं मी जवळून पाहिलीत.

१. ओरडायचं तर विहिरीवर जाऊन पोटभर ओरडून या, त्याच्यासमोर नको – घरी शिव्या खाणाऱ्याला अड्डाच जवळचा वाटतो.

२. "मनावर घे, सुटेल" म्हणू नका – हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतसुद्धा त्याची नोंद आहे.

३. बासरला नेऊन सरस्वतीपुढं शपथ घालू नका – शपथ मोडली की तो खोटं बोलायला लागतो. नुसत्या दर्शनाला मात्र जरूर न्या.

४. सगळ्यात मोठं हे. मिरची, सोयाबीन आडतीवर घालायचं ते आईच्या नाहीतर बायकोच्या नावानं घाला, म्हणजे विक्रीची पट्टी त्याच्या हाती पडत नाही. आडत्याला आधीच गाठून सांगा, याला उचल देऊ नका. यूपीआयची रोजची मर्यादा त्याच्याच हातानं कमी करून घ्या, चहापाण्यापुरते पैसे रोज त्याला द्या. यातलं काही चोरून करू नका – खिशाला कुलूप घालावं, माणसाला नाही.

५. कर्ज एका दमात फेडू नका – पाटी कोरी दिसली की हात पुन्हा शिवशिवतो. कुणाचे किती, ते त्यालाच वहीत लिहायला लावा. रक्कम ज्याची त्याला थेट द्या.

६. आकडा लागला म्हणून पेढे आणले तर खाऊ नका – जिंकल्याचा पेढा गोड लागला, तर हरल्यावर कुठल्या तोंडानं बोलणार?

७. पोलिसांच्या धाकानं मोबाईलचा जुगार लपवू नका – पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं बंदीचा कायदा केला, त्यात शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, तिथं सोबत जा.

८. "मी नसलो तर तुम्ही सुटाल" असं बोलला तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध त्याच्या हाती लागणार नाही असं ठेवा – असं बोलणं कधीच उगाच नसतं. टेली मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. त्यानं फोन नाही केला तर तुम्ही करा, आणि आजच करा.