सीए करू की सीएमए?

प्रश्न : बी.कॉम. ५२ टक्क्यांनी झाले. घरची धानाची शेती आहे, खर्च बेतानेच झेपेल. सीए करावे की सीएमए? – एक वाचक, सानगडी (ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : अर्धा निर्णय तुमच्या ५२ टक्क्यांनीच केला आहे. वाणिज्य पदवीधराला सीएच्या इंटरमीजिएटला थेट बसायला ५५ टक्के लागतात. म्हणजे तुम्हाला आधी फाउंडेशन द्यावी लागेल. सीएमएला टक्क्यांची अशी अट नाही, पदवीवर थेट इंटरमीजिएट. पुढे सीएला दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखाली उमेदवारी), सीएमएला १५ महिन्यांचे प्रशिक्षण. आर्टिकलशिप नागपुरात केली, तर तिचे विद्यावेतन तिथल्या खोलीभाड्यालाही पुरेलच असे नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा.

पण अधिकारांत फरक मोठा आहे. कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण आणि आयकराचे टॅक्स ऑडिट यांवर सही फक्त सीएची चालते. सीएमएचे खास क्षेत्र कॉस्ट ऑडिट, म्हणजे उत्पादन खर्चाचे लेखापरीक्षण. त्याचे काम कारखान्यांत, तुमच्याकडच्या राइस मिलवाल्यांकडे क्वचितच. सरकारी कंपन्यांच्या वित्त विभागातल्या अनेक जागांना मात्र दोन्ही चालतात.

साकोलीत स्वतःचे ऑफिस थाटायचे असेल, तर फाउंडेशनचे महिने सोसा आणि सीएच करा. नोकरीच हवी असेल, तर सीएमएची नोंदणी करून टाका.