न जमलेल्या सीलांची नोंद

पुणे

चि. मृणालिनी हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

मेंदूच्या ऱ्हासविकारांचा आणि चेतापेशींच्या आयनमार्गांचा अभ्यास हाच आयुष्याचा उद्योग करण्याचा तुझा निश्चय पत्रातून कळला. आनंद झाला, आणि थोडी धास्तीही वाटली. कारण ज्याने तारुण्यातील सात वर्षे बेडकाच्या स्नायूवर काचेची नळी टेकवीत बसण्यात खर्ची घातली, त्याला या विद्येची खोड तिच्या ग्रंथांहून अधिक ठाऊक असते.

एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी ग्योटिंगेन येथे १९७६ साली एकेका आयनमार्गाचा प्रवाह मोजून दाखविला आणि १९९१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हे तुम्हां विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. परंतु काच आणि पेशीपटल यांच्या सांध्यातून विद्युत् गळत राहिल्यामुळे त्या प्रारंभीच्या नोंदी किती गोंगाटाच्या होत्या, आणि ताजी, स्वच्छ नळी टेकवून किंचित शोषण दिले असता तो सांधा एकाएकी गिगाओमचा रोध धरतो ही गोष्ट हाती येण्यास १९८० साल कसे उजाडावे लागले, याची वाच्यता क्वचितच होते. हा घट्ट सांधा, म्हणजेच सील, स्वतः अनुभव. नळीच्या रबरी तोंडाने अगदी हळू श्वास ओढावा, पडद्यावरची थरथरती रेघ अकस्मात निवांत व्हावी, आणि मग त्या निवांत रेघेत एक चौकोनी पायरी पडावी व क्षणात भरून यावी: एक मार्ग उघडला आणि मिटला. ती पायरी एका पिकोअँपिअरची असली, तरी तेवढ्यात सेकंदास बासष्ट लाख सोडियम आयन जाण्याचा वेग असतो.

आता माझा गुन्हा कबूल करतो. दिवसाकाठी पंधरा सील बिघडत आणि एखादे जमे. मी वहीत जमलेलेच तेवढे रुजू करीत असे. पुढे माझ्या एका निष्कर्षाची खातरजमा करण्याची वेळ आली, तेव्हा टिकलेल्या पेशी मुळातच निराळ्या जातीच्या होत्या की काय, या साध्या शंकेला माझ्या दप्तरात उत्तर नव्हते. त्या निष्कर्षावरचा निबंध मी छापला नाही. सात वर्षांतली दोन तिथेच गेली.

न जमलेले नोंदवावे कसे, यासाठी इस्राडिपीन या औषधाचा दाखला तू अवश्य अभ्यास. मेंदूच्या कृष्णद्रव्यातील डोपामिनपेशी कोणी न चेतविताही सेकंदास दोन-चार वेळा आपणहून स्पंदतात, त्या स्पंदनागणिक कॅल्शियम आत शिरते, ते उपसता उपसता पेशीतील मायटोकॉन्ड्रिया थकतात, तेव्हा इस्राडिपीन हे कॅल्शियममार्ग आवरणारे रक्तदाबावरील जुने औषध पार्किन्सनचा रोग मंदावील, अशी ही उपपत्ती होती. आणि उंदरांत तिला पाठबळ मिळाले होते. उपपत्ती इतकी देखणी की मीही तिच्यावर लुब्ध होतो. ३३६ रुग्णांना ३६ महिने औषध किंवा औषधाविना गोळी देऊन पाहिले. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला. रोगाच्या गतीत फरक नाही. मात्रा अपुरी पडली असेल, नेमक्या उपजातीच्या मार्गापर्यंत औषध पोहोचले नसेल, असे आक्षेप निघाले, आणि ते निरर्थक नाहीत. तरीही ज्या निकालाने लाडकी कल्पना उधळून लावली तो निकाल निमूटपणे छापणे, हे मला त्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत उत्तम कृत्य वाटते.

आणखी एक. आठवड्यातून एक दुपार चेतारोगांच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन नुसती बसत जा. मार्गदर्शकाने मुभा दिली नाही, तर भांडून घे. हा रोग मी प्रथम घरीच पाहिला. तुझे आजोबा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. मांडीवर ठेवलेला त्यांचा उजवा हात जपमाळ ओढावी तसा हालत राही आणि वाटी उचलली की क्षणभर थांबे. हा क्षण मी पुस्तकात वाचण्यापूर्वी ओटीवर पाहिला. त्यांची टपोरी सही वर्षागणिक आखडत गेली. निवृत्तिवेतनाच्या शेवटच्या पावतीवर ती मुंगीएवढी आहे. ती पावती तुझ्यासाठी टपालाने वेगळी पाठवीत आहे, नीट ठेव.

घरी सर्व कुशल. पहिले सील जमले म्हणजे कळव, आणि त्याआधी किती बिघडली तो आकडाही त्याच पत्रात लिही.

तुझा,
काका