शेतीशाळा : समजून शिकण्याची पद्धती

औषधाचे नाव व प्रमाण सांगितले की शेतकऱ्यास शिकविण्याचे कार्य पुरे झाले, असा समज पुष्कळदा आढळतो. परंतु असे ज्ञान एका हंगामापुरतेच टिकते. कीड बदलली किंवा पाऊस लांबला, की शेतकरी पुन्हा दुकानदाराकडे सल्ला मागावयास जातो. ज्याने किडीचा जीवनक्रम स्वतः पाहिला आहे, तोच बदलत्या परिस्थितीत योग्य निर्णय घेऊ शकतो.

शेतीशाळेची पद्धती याच अनुभवातून निर्माण झाली. इंडोनेशियात कीटकनाशकांच्या अतिरेकी वापराने तपकिरी तुडतुड्यांना खाणारे कोळी व इतर मित्रकीटक नष्ट होऊन भातपिकावरील उपद्रव उलट वाढला. म्हणून १९८६ साली तेथील सरकारने भातपिकासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पुढे १९८९ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेच्या साहाय्याने, शेतीशाळा सुरू झाल्या. सुमारे २५ शेतकरी आठवड्यातून एकदा शेतातच जमत, पिकाचे निरीक्षण करीत व चर्चेअंती निर्णय घेत. महाराष्ट्रातही कृषि विभागामार्फत शेतीशाळा घेतल्या जातात.

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा पाठ पुढीलप्रमाणे घ्यावा.

(१) उपस्थितांचे लहान गट करावेत. प्रत्येक गटाने निरनिराळ्या झाडांवरून २० हिरवी बोंडे तोडून आणावीत. वेचणी व निंदणी करणाऱ्या स्त्रियांनाही गटात अवश्य घ्यावे, कारण पिकाशी त्यांचा संबंध रोजचा असतो.

(२) बोंडे फोडण्यापूर्वी त्यांतील किडकी कोणती, ते ओळखावयास सांगावे. नंतर ती फोडून पाहावीत. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या बोंडातही अळी सापडते.

(३) असे का होते, हे कार्यकर्त्याने लगेच सांगू नये, प्रथम विचारावे. अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते व तिने पाडलेले छिद्र बुजून जाते, हे चर्चेतून पुढे यावे. अळी आत गेल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोहोचेल काय, हा पुढचा प्रश्न होय.

(४) उत्तर मिळाले म्हणजे कामगंध सापळ्यांचे महत्त्व वेगळे पटवावे लागत नाही. निरीक्षणासाठी हेक्टरी ५ सापळे लावावेत. प्रत्येक सापळ्यात सलग तीन दिवस रोज ८ पतंग आढळल्यास, किंवा २० बोंडांपैकी २ बोंडे किडकी निघाल्यास, नियंत्रणाचे उपाय योजण्याची वेळ आली असे समजावे.

(५) नोंदी शेतकऱ्यांनीच ठेवाव्यात. फवारणी करावी किंवा नाही, याचा निर्णयही गटाने कारणांसह सांगावा. कारण चुकीचे असल्यास पुन्हा शेतात जाऊन निरीक्षण करावे.

अनावश्यक फवारणीने केवळ पैसा वाया जातो असे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. म्हणून फवारणी करणे भागच असेल, तेव्हा हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे का हवेत, औषध कातडीवाटे व श्वासावाटे शरीरात कसे जाते, हेही याच पाठात समजावून द्यावे.

पाठ साधला किंवा नाही, याची कसोटी सोपी आहे. शेतीशाळेस न आलेल्या शेजाऱ्यास शेतकरी स्वतः बोंड फोडून सर्व कारणे सांगू शकला, तर पाठ साधला असे मानावे.