भ्रमणध्वनीच्या लहरी आणि अळिवाचे दाणे

भ्रमणध्वनि म्हणजे मोबाइल फोन आज घरोघर आहे, व त्याच्या पाठोपाठ एक भीतिही घरांत शिरली आहे. त्याच्या लहरींनीं शरीरांतील पेशी बिघडतात काय, मुलांची वाढ खुंटते काय, असें पालक आम्हांस विचारतात. उत्तरापूर्वीं एका शाळेची हकीकत सांगणें आम्हांस उचित वाटतें.

सन २०१३ मध्यें डेन्मार्कांतील एका शाळेंत नवव्या इयत्तेच्या ५ मुलींनीं एक प्रयोग केला. उशाशीं फोन ठेवून निजल्यास दुसरे दिवशीं अभ्यासांत चित्त लागत नाहीं, असा त्यांचा अनुभव होता. मेंदू तपासण्याचीं साधनें शाळेंत कोठून असणार? म्हणून त्यांनीं अळिवाचे ४०० दाणे १२ तबकांत पेरिले. ६ तबकें एका खोलींत, व ६ दुसऱ्या खोलींत दोन वायफाय राउटरांशेजारीं ठेविलीं. कारण राउटरही फोनसारख्याच लहरी सोडतो. १२ दिवसांनीं पहिल्या खोलींत अळीव हिरवेंगार झालें. दुसरींतील पुष्कळ दाणे रुजलेच नाहींत.

ही वार्ता देशोदेशीं पसरली. परंतु जाणत्यांनीं शंका काढिली कीं, राउटर तापतो; त्याच्या उष्णतेनेंच ओल सुकली नसेल कशावरून? शंका रास्त होती.

आतां पेशीचा विचार करूं. तिच्या केंद्रांतील डीएनए ही वाढीची जणूं आज्ञापत्रिकाच. क्ष-किरणांनीं आनुवंशिक गुण बदलतात, हें हर्मन मुलर यांनीं १९२७ सालीं फळमाश्यांवर दाखविलें. कारण त्या किरणांचा एकेक कण रासायनिक बंध तोडण्याइतका प्रबळ असतो. फोनच्या लहरींचा कण त्या मानानें कोट्यवधि पटींनीं दुर्बळ. त्यांचा निश्चित ठाऊक असलेला परिणाम म्हणजे किंचित् ऊब. ती मर्यादेंत राहावी म्हणून आपल्या देशांत शरीरांत शोषल्या जाणाऱ्या शक्तीस किलोग्रॅममागें १.६ वॅटची सीमा घातली आहे. २०११ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेनें या लहरींस ‘कदाचित् कर्करोगकारक’ अशा वर्गांत घातलें; पुढें २०२४ सालीं त्याच संघटनेनें करविलेल्या समालोचनांत फोन व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाहीं.

मग त्या मुलींचा प्रयोग व्यर्थ गेला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. भीतीनें स्वस्थ न बसतां त्यांनीं दाणे पेरिले, हीच विद्येची पहिली पायरी. दुसरी पायरी विद्यार्थ्यांनीं चढावी. दोन्ही खोल्यांत ऊब व पाणी सारखें ठेवावें, आणि कोणतें तबक कोठलें हें ज्यास ठाऊक नाहीं अशा सोबत्याकडून अंकुर मोजवावे. मात्र निजतांना फोन दूरच असावा. लहरींच्या भयानें नव्हे, तर झोंप मोडूं नये म्हणून.