अस्थिघनता आणि अस्थिबल

चऱ्होलीतील आमच्या चिकित्सालयात मांडीच्या वेदनेसाठी आलेल्या वृद्धेस अभ्यंग-स्वेद योजण्यापूर्वी आम्ही विचारतो : आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यावयाची हाडांची गोळी किती वर्षे चालू आहे? ॲलेंड्रोनेटसारखी औषधे जुने हाड झिजविणाऱ्या पेशींना आवरतात. घनता वाढते, मणक्याचे व खुब्याचे अस्थिभंग घटतात. हा लाभ नाकारणे अप्रामाणिक ठरेल. परंतु हाडाचे नूतनीकरणही मंदावते, सूक्ष्म भेगा साचतात; दीर्घ सेवनानंतर क्वचित मांडीचे हाड किरकोळ आघातानेही आडवे मोडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली तसा इशारा दिला. पुष्कळदा आधी कित्येक आठवडे मांडीत वा जांघेत वेदना असते. तिला केवळ वातव्याधी समजून मर्दन करू नये. प्रथम दोन्ही मांड्यांची क्ष-किरण तपासणी करवावी. गोळी मात्र तिच्या अस्थिरोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून थांबवू नये.