"बोल्ट जाम आहे, जास्त लागतील"

मुंबईत हिंदमाताला तुंबणाऱ्या पाण्यातून दोन-तीन पावसाळे काढलेल्या गाडीचं सस्पेन्शन उघडायला घेतलं की लालबाग-परळच्या गॅरेजमध्ये हे वाक्य ठरलेलं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. खारी हवा आणि रस्त्यावरचं पाणी नट-बोल्ट खातंच. पण जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हे विचारायला लाजू नका. खालचे आकडे नाक्यावरच्या गॅरेजचे आणि छोट्या हॅचबॅकचे, अंदाजासाठी.

आधी लिंक रॉड. खड्ड्यात पुढून खटखट आली की पहिला संशय त्याच्यावर. याचा नट सोडायला गेलं की आतला दांडाही सोबत गरगर फिरतो. बऱ्याच रॉडना दांड्याच्या टोकाला एलन कीची खाच असते. ती धरायची आणि रिंग पान्याने नट फिरवायचा. खाच गंजाने भरली असेल तर मेकॅनिक सरळ ग्राइंडर काढतो. काढू द्या, जुना रॉड भंगारातच जाणार आहे. रॉडची जोडी सहाशे ते बाराशे, मजुरी तीनशे ते सहाशे. कापायला दहा मिनिटं लागतात. त्याचे वेगळे पाचशे मागितले तर घासाघीस करा.

शॉकअपच्या खालच्या दोन बोल्टचं मात्र तसं नाही. तिथे अर्धा दिवसही जाऊ शकतो आणि दोन-तीनशे जास्त मागितले तर ते रास्त आहेत. आमच्या चाळीत गिरणीच्या फिटर खात्यात हयात घालवलेले एक काका आहेत. त्यांची रीत अशी: आधी उघड्या आट्यांवरची माती तारेच्या ब्रशने काढायची, तेल पाजायचं, चहा पिऊन यायचं. मग पान्याला दोन फुटी पाईप चढवायचा आणि पहिला झटका आवळायच्या दिशेने द्यायचा. गंजाची पकड तुटली की सोडायचं. घाईत उलटं केलं की नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग छिन्नी-हातोडा किंवा वर दुसरा नट वेल्ड करणं आलं.

यातला तेलाचा भाग तुम्ही स्वतः करू शकता. गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा डबा दोन-अडीचशेला मिळतो. आदल्या रात्री चाळीखाली उभ्या गाडीच्या बोल्टांवर मारा. ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर थेंबही उडू देऊ नका.

"गॅस मारू का?" असं विचारलं तर थोडं थांबा. आच रबरी बुश आणि ब्रेकचा होज जाळते, आणि गॅसच्या शॉकअपजवळ ज्योत नेणं धोक्याचं. तापवलेला बोल्ट पुन्हा लावायचाच नाही, त्याची ताकद गेलेली असते. नवा घेताना डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ हा आकडा जुन्याशी जुळवा, आटेही तेच हवेत. नागदेवी स्ट्रीटला जुना बोल्ट नमुना म्हणून घेऊन जा. शे-दीडशेच्या आत काम होतं.

एक जुगाड मात्र कुणी फुकट करून देतो म्हणाला तरी नको. शॉकअपवरची स्प्रिंग दाबायला तार, दोर किंवा पट्टा बांधणं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात तोडते. स्प्रिंग कॉम्प्रेसर दाखवा म्हणा. नसेल तर शॉकअप स्प्रिंगसकट उतरवून दुसऱ्या गॅरेजला न्यायचा. त्यांचे दोनशे लागले तरी लागू द्या.

लोअर आर्म किंवा त्याचे बुश बदलले असतील तर बुशचा बोल्ट शेवटचा कधी आवळला, तेही विचारा. गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळला तर रबर पिळलेलं राहतं आणि बुश लवकर फाटतात. चाकं जमिनीला टेकल्यावर आवळायचा असतो. ह्याचे पैसे कुणी लावत नाही आणि बरेच जण हे करतही नाहीत.

पक्कं बिल घेत असाल तर जीएसटीची ओळ वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के आहे, जुने २८ नव्हेत. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

आणि व्हील अलाइनमेंट: शॉकअप किंवा लोअर आर्म उतरवला असेल तर तीन-चारशे द्या. नुसता लिंक रॉड बदलला असेल तर अलाइनमेंट लागत नाही.